खडकवीराची शेपटी

"ह्यो देव कोणचा म्हणायचा?" बलभीमने बाहुला उलटा धरून त्याच्या तळपायाकडे बघत विचारलं.

"देव न्हाय, मालक. खडकवीर हाय."

"आन् डोळ्यावर ह्ये काय? डोळे आलेत व्हय त्याला?"

"बुरखा हाय त्यो. कुणाला वळखू यिऊ ने म्हणून."

"वळखू येतंच न्हाय की," बलभीम म्हणाला. "तीच तर बोंब हाय."

दुकानाच्या फळीला टेकलेली माणसं हसली. व्यंकटही हसला. गिऱ्हाइकाबरोबर हसावं लागतं, एवढं तो या धंद्यात शिकला होता. हसताना त्याचा एक हात पत्र्याच्या पेटीवर होता. मुरुमहून परंड्यापर्यंत गाड्या बदलत यायचं, दर गाडीला ही पेटी टपावर चढवायची, उतरवायची, आणि पेटीत काय आहे म्हणून कंडक्टरने विचारलं की खेळणी म्हणून सांगायचं. मग कंडक्टर त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघायचा. बाप्या माणूस, मॅट्रिक झालेला, खेळणी घेऊन हिंडतोय.

परंड्याच्या स्टँडसमोरच्या बलभीमच्या दुकानात पाट्या-पेन्सिली, लिमलेटच्या गोळ्या, कंदिलाच्या काचा असा माल असायचा. गेल्या खेपेला व्यंकटने फार गळ घातली म्हणून त्याने थोडे खडकवीर ठेवून घेतले होते. आता स्टुलावर चढून त्याने ते वरच्या फळीवरून खाली काढले. निळ्या अंगावर धूळ बसली होती. निम्म्यांच्या पाठीवरचे तांबडे झगे गायब होते.

"उंदरं," बलभीम म्हणाला. "एकाचा झगा आमच्या धाकटीनं न्हेला, भावलीला परकर करायला. म्या म्हणलं न्हे, कुणी इच्यारतंय त्याला."

"तुमी दर्शनी कुठं मांडले? वर ठेवल्यावर कोण बघंल?"

"मांडलते की. माणसं इच्यारत्यात ह्यो कोण. म्या काय सांगू? मला तरी कुठं ठावं हाय?"

"पुठ्ठ्यावर गोष्ट हाय ना छापलेली."

"वाचतंय कोण?"

तेवढ्यात शाळा सुटली. पोरं रस्त्यावर सांडली आणि व्यंकटला राहवलं नाही. त्याने दुकानाच्या पायरीवर पेटी उभी केली, तिच्यावर एक खडकवीर ठेवला आणि मोठ्याने सुरुवात केली.

"ऐका रं. बहात्तर साल. आभाळात ढग न्हाय. माणसं खडी फोडायला गेली. एका बाईनं आपलं तान्हं लेकरू बाभळीला झोळी बांधून निजवलं आन् हातोडी घेतली. दुपारच्या पारी कोरडी ईज कडाडली. पाणी न्हाय, थेंब न्हाय, निस्ती ईज. ती पडली खडीच्या ढिगावर, आन् एक ठिणगी उडून त्या लेकराच्या छातीवर बसली. ह्यो बगा डाग. लेकरू रडलं न्हाय. त्यानं झोळीतून मूठ भाईर काढली आन् बाजूच्या धोंड्यावर हाणली. धोंडा दुभंगला. आतून पाणी."

पोरं जवळ सरकली. कळशी घेऊन चाललेली एक बाई थांबली. व्यंकट सांगत गेला. लोकांना खायला वाटायची सुकडी चोरून विकणाऱ्या मुकादमाला खडकवीराने उचलून कसं बाभळीच्या शेंड्यावर बसवलं, तांबडा झगा पसरून तो एका कामावरून दुसऱ्या कामावर कसा उडत गेला, जिथे मूठ मारील तिथे झरा कसा लागला. बलभीमही गोळ्यांच्या बरणीवर हात ठेवून ऐकत राहिला. गोष्ट संपली तेव्हा एका पोराने विचारलं, "आमच्या हिरीवर यील का त्यो?"

"यील की. घरी न्हे, म्हंजी यील."

पोरं घराकडे पळाली. व्यंकट वाट बघत बसला. कुणी आईला घेऊन येईल, कुणी बापाला. कुणी आलं नाही. उन्हं कलल्यावर तो पेटी उचलून स्टँडकडे निघाला, तेव्हा रस्त्याच्या कडेला तीच पोरं त्याला दिसली. प्रत्येकाच्या मानेला टॉवेल नाहीतर आईचं जुनं फडकं बांधलेलं होतं, तोंडावर कोळशाने बुरखा काढला होता, आणि पाळीपाळीने ती रस्त्यातल्या दगडावर मुठी आपटत होती. टॉवेल घरचा, दगड रस्त्यातला, गोष्ट फुकटची. खडकवीर परंड्यात आला होता, फक्त त्याच्या पेटीतला नव्हे.

त्याच्या मागोमाग बलभीम उंदरांनी कुरतडलेले बाहुले घेऊन आला. "ह्ये बी न्या. आन् तुमच्या चेअरमनला माजा निरोप सांगा. शेपूट लावा म्हणावं ह्याला. मारुती म्हणून जाईल. हातोहात जाईल."

व्यंकट यावर हसला नाही.

मुरुमची ही प्लॅस्टिक खेळण्यांची सहकारी संस्था दुष्काळ सरल्यावर उभी राहिली होती. कामं बंद झाली, पाऊस आला, पण बायकांच्या हाताला काम पाहिजे होतं, आणि सरकारकडे सहकाराच्या नावाने भांडवल होतं. महालिंगप्पा हे डाळीचे व्यापारी तिचे चेअरमन झाले. बाजाराजवळच्या त्यांच्याच जुन्या गोदामात हाताने दांडा ओढायची दोन मशीनं बसली. आधी खुळखुळे निघाले, मग शिट्ट्या, मग सहा चाकांची गाडी, जिची चाकं कधी सारखी फिरली नाहीत.

मग महालिंगप्पांनी मुंबईच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून एक साचा आणला. त्यातून वीतभर उंचीचा माणूस निघायचा. छाती पैलवानाची, कमरेला चड्डी विजारीवरून घातलेली, डोळ्यांवर पट्टी, पाठीवर झगा अडकवायला खाच. छातीवर इंग्रजी अक्षर होतं. ते कुणाच्या मालकीचं असेल या भीतीने सोलापूरच्या फिटरने साच्यातलं अक्षर बुजवून टाकलं, त्यामुळे प्रत्येक बाहुल्याच्या छातीवर चपटा डाग उमटायला लागला. रुद्रम्मा दांडा ओढायची, दुसऱ्या बायका कडा तासायच्या, हात बसवायच्या, रंग द्यायच्या. पण हा माणूस कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

व्यंकटने त्याला नाव दिलं. तो तेव्हा पंचविशीचा होता. दुष्काळी कामावर त्याने हजेरी मांडली होती आणि त्याच कामावर त्याची आई, मुक्ताबाई, खडी फोडत होती. चिपरी उडून तिचा उजवा डोळा गेला तोही तिथेच. पुढे कुठली नोकरी लागली नाही. संस्थेत विक्रीला माणूस पाहिजे म्हटल्यावर तो आला. अंगावर डाग असलेला तो बाहुला त्याने पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्याला वाटलं, हा आपल्याच कामावरचा कुणीतरी आहे. एका बैठकीत त्याने गोष्ट लिहून काढली. आपल्याला असं काही लिहिता येतं, हे त्यालाही माहीत नव्हतं.

महालिंगप्पांनी ती वाचली, चष्मा काढला आणि पुसला.

"चांगलं लिवलंस. पन त्याची आय खडी फोडती, ह्ये कशाला?"

"मग कुठली दाखवू, अप्पा?"

"राणी दाखव. राजाचा लेक म्हणावं. आरं, पैसे टाकून लोक घरात काय आणत्यात? आपल्यापरीस मोठं काय तर आणत्यात. खडी फोडणारीचं पोर इकत कोण घेणार? ती तर आळीआळीला हायेत."

पुठ्ठा छापून आला तेव्हा त्यावर खडकवीर राजपुत्र होता आणि त्याला शंकराचा वर होता. व्यंकटने तो वाचून मुकाट्याने पेटीत भरला. पण बाजारात तो स्वतःचीच गोष्ट सांगायचा. छापील एक आणि तोंडी दुसरी. कुणी पुठ्ठा वाचत नव्हतं, म्हणून ते खपून जात होतं.

घरीही त्याला शाबासकी मिळाली नाही. मोठ्या हौसेने त्याने आईला गोष्ट वाचून दाखवली. मुक्ताबाई भाकरी थापत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "ह्यात माजं काय लिवलंस?"

"तुजं न्हाय माय. एका बाईचं हाय."

"हातोडी माजी, बाभळ तीच, मुकादम त्योच. आन् म्हणं एका बाईचं." तिने भाकरी तव्यावर टाकली. "खडी फोडली त्यात कसला पराक्रम? पोटासाठी फोडली. बाजारात हुबं ऱ्हाऊन सांगण्यासारखं हाय का त्ये? दुसरं कायबी इक, व्यंकट. ह्ये नको इकू."

ते तो विकूही शकत नव्हता, हे त्याने आईला सांगितलं नाही.

परंड्याहून परत आल्यावर त्याने बलभीमचा निरोप चेअरमनना दिला, तो चेष्टा म्हणून. महालिंगप्पा हसले नाहीत. त्यांनी एक खडकवीर उचलला, खिडकीशी नेला, पाठ फिरवून बघितली आणि विचारलं, "शेपूट कुठनं काढावं लागंल?"

आठवड्याच्या आत कमिटीची बैठक भरली. गोदामात सतरंजी घातली होती. व्यंकट सभासद नव्हता, पण विक्रीचं सांगायला त्याला बोलावलं होतं. रुद्रम्मा कामगारांतर्फे कमिटीत होती, ती दाराशी बसली होती. गोदामाच्या भिंतीला लागून न विकलेल्या खडकवीरांची खोकी आढ्यापर्यंत गेली होती.

"अंगाचा रंग शेंदरी करायचा," महालिंगप्पा म्हणाले. "बुरखा रंगवायचा न्हाय. हातात गदा द्यायची. शेपटीचा बारका साचा सोलापूरचा फिटर करून देतो म्हणला. पाठीला गरम सुईनं भोक पाडायचं आन् शेपूट बसवायचं. झगा ऱ्हाऊ द्या, शेला म्हणून चालतंय."

"अप्पा, चड्डी विजारीवरनं हाय त्याची," व्यंकट म्हणाला.

"लंगोट म्हणून रंगवा."

"पन त्यो मारुती न्हाय. खडकवीर हाय. त्याला थोडा टाइम द्या. पोरं खेळायला लागल्यात. परंड्यात म्या सोता बघितलं, टॉवेल बांधून..."

"टॉवेल आपला हाय का?"

महालिंगप्पांचा आवाज चढलेला नव्हता. ते त्याला समजावत होते, आणि त्याचाच त्याला जास्त राग येत होता.

"लोकांस्नी ठावं असलेलं इकतंय, व्यंकट. ठावं नसलेलं इकायला वरसं लागत्यात. तेवढी वरसं ह्या बायकांकडं हायेत का, इच्यार."

त्याने रुद्रम्माकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती. मशीनचा दांडा ओढून ओढून तिच्या तळहाताला घट्टे पडले होते, ते ती अंगठ्याने चोळत बसली होती. बैठक संपल्यावर ती त्याच्या मागून बाहेर आली.

"साकू आता, अण्णा. फुरे कर," ती अर्ध्या कानडीत म्हणाली. "तुमची गोष्ट लई चांगली हाय. आमच्या पोरीला, नीलम्माला, रोज सांगावी लागती. पन माल गोदामातच ऱ्हायला तर अप्पा मशीन बंद करत्यात. मग आमी कुठं जावं? शेपूट तर शेपूट."

त्यालाही तोच सवाल होता. तो कुठे जाणार होता?

शेंदरी माल तयार झाला. पेटी पहिल्यापेक्षा जड झाली, कारण आता गदा होती. व्यंकट जळकोटच्या बाजाराला गेला. हैदराबादच्या रस्त्याला लागून बाजार भरायचा. कांद्याच्या आणि मिरचीच्या पालांच्या मधे त्याने गोणपाट अंथरलं आणि बाहुले ओळीने उभे केले. तोंड उघडायची वेळच आली नाही. बायका येत होत्या, ओळखत होत्या, पदराची गाठ सोडत होत्या. एका म्हातारीने बाहुल्याला आधी हात जोडले आणि मग भाव केला. "शेंदूर लावला तर चिकटंल का याला?" एकाने विचारलं. "माडीच्या कोनाड्यात हुबा ऱ्हाईल का?" दुसऱ्याने विचारलं. हा कोण, असं कुणीच विचारलं नाही.

दुपारपर्यंत गोणपाट जवळजवळ रिकामं झालं. एवढी विक्री त्याने आजवर केली नव्हती. व्यंकट ओळीत उरलेल्या बाहुल्यांकडे बघत होता. बलभीम बरोबर ठरला होता, अप्पा बरोबर ठरले होते, आई तर आधीपासूनच बरोबर होती. सगळ्या बाजाराने मिळून त्याला एकट्याला चूक ठरवलं होतं, आणि तेही त्याच्याच हाताने, त्याच्याच पेटीतून.

"जयभीम, दादा."

समोर एक वयस्क बाई उभी होती. सरपणाचा भारा विकून झाला होता, तरी डोक्यावरची चुंबळ तशीच होती.

"जयभीम, मावशी. बसा."

"म्या जाईबाई. गावाखालच्या वस्तीतली." ती उकिडवी बसली आणि तिने एक बाहुला उचलला. "नातू आजारी हाय. लई दिस निजून हाय. त्याला काय तर न्यावं म्हणलं. चांगला हाय ह्यो, दांडगा हाय. पन आमच्या घरी देव चालत न्हाईत. म्हाताऱ्यानं छप्पन सालीच समदे नदीला सोडले. ह्यो न्हेला तर त्यो मला बी सोडंल." ती थोडं हसली. मग तिने आवाज खाली घेतला. "बिनशेपटीचा न्हाय का?"

व्यंकटने इकडेतिकडे बघितलं. मग पेटीतून सुतळी कापायची सुरी काढली, बाहुला तिच्या हातातून घेतला आणि शेपटी बुडापासून कापली. गदा ओढून काढली. पाठीवर भोक राहिलं, त्यात कापलेला बुडखा दिसत होता.

"आता कोण ह्यो?" जाईबाईने विचारलं. "लेकरू इच्यारंल."

व्यंकटने सांगितलं, मोठ्याने नव्हे, पोरांना सांगायचा तसंही नव्हे. खडी, बाभळ, झोळी, वीज. जाईबाई मान हलवत ऐकत होती. मधेच ती म्हणाली, "आमी बी व्हतो की, नळदुर्गच्या कामावर. व्हय, अशीच बाभळ व्हती तिथं." जणू तो काहीतरी घडलेलं सांगत होता. जाताना तिने बाहुल्याचं नाव दोनदा म्हणून बघितलं.

पुढल्या बाजाराला तिच्या वस्तीतल्या बायका आल्या. त्याच्या पुढल्या बाजाराला आणखी कुठल्या कुठल्या वाड्यांवरच्या आल्या. बिनशेपटीचा मागू लागल्या. त्यात एक जण जातीने वेगळीही होती. तिला म्हणे मारुतीशी पोराने आपटाआपटी खेळलेली आवडत नव्हती, देवाला पाय लागतो. व्यंकट बाजाराच्या आदल्या दिवशी घरी बसून थोडे बाहुले कापून ठेवायला लागला. शेपट्या तो जपून पिशवीत घालून संस्थेत परत द्यायचा, पुन्हा वितळवता येतात म्हणून. तुटका माल आहे, असं सांगायचा. रुद्रम्माच्या लक्षात आलं होतं. तिने ते अप्पांच्या कानावर घातलं नव्हतं.

एका बाजारी कापलेले संपले आणि एक बाई खोळंबून राहिली, म्हणून त्याने तिथेच बाजारात सुरी काढली. शेजारून कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्ये काय करतोस?"

मिरची विकणारा होता. त्याने आणखी एकाला दाखवलं. बघता बघता माणसं जमली.

"मारुतीची शेपटी कापतोस व्हय रं?"

"मारुती न्हाय ह्यो," व्यंकट म्हणाला. "खेळणं हाय."

"मग मगाशी मारुती म्हणून कुणी इकला?"

खरंच, विकला होता. कुणीतरी गोणपाटाचं टोक उचललं, बाहुले धुळीत पडले. कुणीतरी त्याचं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. सोनकांबळे म्हटल्यावर गर्दीत थोडी शांतता झाली, आणि ती त्याला आरडाओरड्यापेक्षा वाईट वाटली. जिच्यासाठी सुरी काढली होती ती बाई घाबरून केव्हाच निघून गेली होती. शेवटी फेटा बांधलेला एक म्हातारा पुढे आला. "जाऊ द्या रं. लेकरांचं खेळणं, त्यापायी काय डोकी फोडता? ए, उचल तुजी पेटी. गाडी आली बग."

व्यंकटने धुळीतले बाहुले गोळा केले. गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की सुरी अजून मुठीतच आहे. ती त्याने घाईघाईने टॉवेलात गुंडाळली.

तो मुरुमला पोचायच्या आधी बातमी पोचली होती. सकाळी महालिंगप्पांनी त्याला गोदामात बोलावलं. बायका कामाला लागलेल्या होत्या, पण मशीनचे आवाज थांबले होते.

"कधीपासून कापतोस?"

"जाईबाई आली तवापासून," व्यंकट म्हणाला, आणि मग त्याला कळलं की अप्पांना जाईबाई कोण ते माहीत नाही. "बिनशेपटीचा मागणारी बी गिऱ्हाइकं हायेत, अप्पा. थोडा माल तसाच काढा. भोक नका पाडू. म्या इकून दावतो. आता त्याला वळखत्यात लोक. नाव घिऊन मागत्यात."

"एका बाजारात एकच बाहुला एकाला देव आन् एकाला न्हाय, असा कसा इकणार?" महालिंगप्पा खुर्चीवरून उठले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. "गेल्या साली नामांतरापायी काय झालं त्ये बघितलंस ना? कशाकशावरनं घरं पेटली? उद्या जळकोटात कायी झालं, तर आधी तुज्या वस्तीला झळ लागंल. मग ह्या गोदामाला. म्या कुणाकुणाला राखू?"

"म्या मारुतीची शेपटी कापली न्हाय, अप्पा. खडकवीराची कापली. त्याला नव्हतीच ती."

"ह्ये तू मला सांगतोस. गर्दीला सांगशील?"

काल गर्दीपुढे व्यंकटने हेच सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं होतं ते एवढंच, खेळणं आहे.

"परत अशी सुरी लावणार न्हाय म्हण," महालिंगप्पा म्हणाले. "आन् पुठ्ठ्यावर हाय तेवढंच सांगायचं. माणूस तू चांगला हायेस. तुला काढावं असं मला वाटत न्हाय."

रुद्रम्मा मशीनमागून त्याच्याकडे बघत होती. हो म्हण, असं तिचे डोळे सांगत होते. तो हो म्हणाला असता. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण त्याला पुढचा बाजार दिसला, ओळीने मांडलेले शेंदरी बाहुले दिसले, आणि समोर येऊन बसलेली, हळू आवाजात विचारणारी कुणीतरी बाई दिसली. तिला काय सांगायचं?

"न्हाय जमायचं, अप्पा."

त्याने खांद्यावरची पिशवी काढली आणि टेबलावर पालथी केली. कापलेल्या शेपट्यांचा ढीग पडला. त्या एकमेकींत अडकल्या होत्या. महालिंगप्पांनी रुद्रम्माला खूण केली. तिने सुपात शेपट्या गोळा केल्या आणि मशीनच्या वरच्या भांड्यात ओतल्या. दांडा ओढला गेला. जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला.

"पेटीत कापलेला माल किती हाय?" महालिंगप्पांनी विचारलं.

"थोडा हाय."

"त्यो इथं ठिऊ नको. भोकं पडलेला माल मला कुणाला दावायचा न्हाय. घरी न्हे. पेटी तेवढी इथंच ऱ्हाऊ दे."

व्यंकट त्यानंतर साखर कारखान्याच्या गेटवर लागला. उसाच्या गाड्या मोजून आत सोडायचं काम होतं. संस्था आणखी काही दिवाळ्या चालली. शेपटीवाला बाहुला खपत राहिला, तो दिल्लीहून पोकळ, स्वस्त बाहुल्यांचे गठ्ठे बाजारात येईपर्यंत. मग मशीनं बंद पडली. रुद्रम्मा माहेरच्या बाजूला, कर्नाटकात विड्या वळायला गेली, असं त्याने ऐकलं. जळकोटला तो पुन्हा गेला नाही. जाईबाईचा नातू बरा झाला की नाही, हे त्याला कधी कळलं नाही, आणि ते त्याला मधूनमधून टोचत राहिलं.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी तो बाहुले टॉवेलात बांधून घरी आला, गाठोडं कोपऱ्यात टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडला. बातमी आईच्याही कानावर आलेली असणार. खूप वेळाने त्याला जाग आली तेव्हा दारातून ऊन आत आलं होतं. मुक्ताबाई उंबऱ्यावर बसली होती. टॉवेल सोडून तिने बाहुले पालथे, पाठ वर करून, एका रांगेत मांडले होते. बुद्धाच्या तसबिरीपुढची अर्धी मेणबत्ती पेटवून तिने पायरीवर उभी केली होती. एकेक बाहुला ती उचलायची, भोकावर मेणाचा थेंब पाडायची आणि गार व्हायच्या आत अंगठ्याने दाबून सारखा करायची.

"काय करतीस, माय?"

"भोक ऱ्हायलं की लेकरं इच्यारत्यात, हितं काय व्हतं म्हणून," ती म्हणाली. "शेजारच्या पोरांस्नी वाटून टाकू. घरात ठिऊन काय करायचं?"

तिने एक बाहुला डाव्या डोळ्याजवळ नेऊन उन्हात फिरवून बघितला, फुंकर मारली आणि त्याच्यापुढे धरला.

"बग, दिसतंय का?"

शेंदरी पाठीवर पांढरा ठिपका लांबूनसुद्धा दिसत होता.

"न्हाय दिसत," व्यंकट म्हणाला.

तिने तो बाजूला ठेवला आणि पुढचा उचलला.